उन्हाचा तास

मागच्या महिन्यात पुण्याला लेकाकडे गेले होते. नातीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं आणि सूनबाईला रजा मिळत नव्हती, म्हणून आजीची नेमणूक झाली. नात तिसरीत आहे. गेल्या वर्षी तिचा नंबर उणे पावणेदोन होता, यंदा उणे पावणेतीन निघाला. एका वर्षात एक नंबर! डॉक्टरबाईंनी एका यंत्रावर डोळ्याची लांबीही मोजली. २३.९ मिलिमीटर होती, ती २४.३ झाली होती. मोठ्या माणसाचा साधा डोळा साडेतेवीस-चोवीस मिलिमीटर असतो. आठ वर्षांच्या मुलीचा त्याच्याही पुढे गेला. "उंची वाढली की आपण खूश होतो ना आजी, तसा हिचा डोळा वाढतोय. हे वाढणं मात्र आपल्याला हळू करायचं आहे," असं बाई म्हणाल्या.

रिक्षात नातीने एकच विचारलं, "आजी, काच अजून जाड होणार?" मी काहीतरी विषय बदलला.

संध्याकाळी घरी परिषद भरली. काही जण समोर, काही फोनवर. मोठ्या जाऊबाईंनी गाजराचा रस सुचवला. नणंदबाई म्हणाल्या, "सारखा चष्मा लावू देऊ नका, डोळ्यांना सवय लागते आणि नंबर वाढतो." लेक म्हणाला, "मला आहे, हिला आहे, मग पोरीला येणारच. अठरा पूर्ण झाली की लेझर करून टाकू." विहिणींनी सगळा दोष मोबाईलला दिला आणि तो स्वतःच्या हातातला खाली ठेवला नाही.

यातले निम्मेअधिक जण हे वाचतात, मला माहीत आहे. रागावू नका, पण आज मला तुमच्याशीच भांडायचं आहे. आणि शेवटी माझ्याशीसुद्धा.

आधी गाजर. गाजर खावं, चांगलं असतं. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो, हे मीच वर्गात शिकवलेलं आहे. पण आमच्या नातीला अंधारात दिसत नाही अशी तक्रार नाही. तिला लांबचं दिसत नाही. डोळा मागच्या बाजूला लांबला, त्यामुळे लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडेच पडते. शास्त्राच्या पुस्तकात याला निकटदृष्टिता म्हणतात, डॉक्टर मायोपिया म्हणतात. लांबलेला डोळा गाजराने आखूड होत नाही. डोळे गरागरा फिरवण्याच्या व्यायामानेही होत नाही.

आता चष्म्याची सवय. या समजुतीने आपल्याकडे किती मुलांचं नुकसान केलं आहे, सांगता सोय नाही. काही घरांत चष्मा कपाटात असतो, काहींत मुद्दाम कमी नंबराचा करून घेतात, "म्हणजे डोळे जरा काम करतील." २००२ साली मलेशियातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. ९४ मुलांपैकी काहींना पुरा नंबर दिला, काहींना मुद्दाम कमी. दोन वर्षांनी पुऱ्या नंबरवाल्यांचा नंबर सरासरी पाऊण वाढला, कमी नंबरवाल्यांचा एक. म्हणजे डोळ्यांना काम दिलं आणि नंबर उलट जास्तच वाढला! नणंदबाई, नात चष्मा दिवसभर लावणार आहे.

आणि मुलीची जात, पुढे लग्नाचं कसं, हे कुणी माझ्यासमोर बोलू नये. १९७३ साली मला 'दाखवली', तेव्हा आईने माझा चष्मा काढून ठेवला होता. पोह्यांचा ट्रे मी अंदाजाने पुढे केला तो नवऱ्या मुलाच्या काकांच्या मांडीला लागला. नवरा मुलगा दिसायला कसा आहे हे मला साखरपुड्याला कळलं. ते हयात होते तोवर या गोष्टीवर आम्ही हसत असू. पण त्या दिवशी मी हसत नव्हते.

तिसरा मुद्दा लेकाचा, आनुवंशिकतेचा. हा जरा वजनदार आहे. आईबापांना नंबर असला तर मुलाला येण्याची शक्यता वाढते, यात शंका नाही. पण शक्यता म्हणजे ब्रह्मलिखित नव्हे. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक तुलना प्रसिद्ध केली. सहा-सात वर्षांची चिनी वंशाची मुलं, काही सिडनीत वाढणारी, काही सिंगापूरमध्ये. दोन्हीकडे साधारण ७० टक्के मुलांच्या आईबापांपैकी निदान एकाला नंबर होता. म्हणजे वारसा सारखाच. तरीही सिंगापूरच्या मुलांत नंबर होता २९.१ टक्क्यांना, सिडनीच्या मुलांत ३.३ टक्क्यांना. काय फरक होता? सिडनीची मुलं आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर होती, सिंगापूरची तीन तास.

मराठीची शिक्षिका म्हणून त्यातली पुढची गोष्ट मला फार आवडली. सिडनीची मुलं पुस्तकं जास्त वाचत होती! तेव्हा, "वाचून वाचून डोळे गेले" असं म्हणत पोरांच्या हातातली गोष्टीची पुस्तकं काढून घेऊ नका. तासन् तास नाकाशी धरून वाचू नये, मधे मधे उठावं, हे खरं. पण पुस्तक मिटून पोर त्याच खोलीत बसलं तर अर्धंच काम झालं.

मोबाईलचंही तेच. तो निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. दिल्लीच्या शाळांमधल्या जवळजवळ दहा हजार मुलांची तपासणी २०१५ साली प्रसिद्ध झाली, त्यात १३ टक्के मुलांना हा दोष आढळला. टीव्ही, मोबाईलवरचे खेळ, पाच तासांहून जास्त लिहिणं-वाचणं, या सगळ्यांचा संबंध त्यात दिसला. पण त्याच पाहणीत रोज दोन तासांहून जास्त बाहेर खेळणाऱ्या मुलांत प्रमाण कमी होतं, हे वाक्य कुणी फॉरवर्ड करत नाही. मोबाईलला शिव्या देणं सोपं आहे. पोराला मैदानावर न्यायला आपल्याला उठावं लागतं.

आता लेझर. मला सगळ्यात जास्त भीती याच आशेची वाटते. लेझरने बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक भागाचा आकार बदलतात. चष्मा जातो. पण मागे लांबलेला डोळा लांबलेलाच राहतो, आणि आतला पडदा ताणलेलाच राहतो. चष्मा हे दुखणं नव्हेच मुळी. दुखणं तो ताणलेला पडदा आहे. नंबर जितका मोठा, तितका पडदा सुटण्याचा, काचबिंदूचा आणि पडद्याच्या मधल्या भागाची झीज होण्याचा धोका मोठा. तो धोका तिशी-चाळिशीनंतर दार वाजवतो, तेव्हा आजी नसते आणि लेझर करून दिल्याचं समाधान मानणारे आईबापही म्हातारे झालेले असतात.

माझी एक विद्यार्थिनी होती. १९८४-८५ची गोष्ट असेल. सातवीत होती, अंगाने उंच, म्हणून शेवटच्या बाकावर. फळ्यावरचं नेहमी चुकीचं उतरवायची. 'घर'चं 'धर', 'भात'चं 'मात'. मी तिला धांदरट म्हणत असे. एकदा वहीवर लाल पेनने तसं लिहिलंही. तीन-चार महिने मला सुचलं नाही की हिला फळा दिसतच नसेल. मला स्वतःला चष्मा असून! शेवटी चाचणीत एक कविता तोंडपाठ म्हणून दाखवली आणि फळ्यावरची वाचता येईना, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. वडिलांना बोलावलं. ते म्हणाले, "बाई, चष्मा नको, लग्न कसं होणार?" पुष्कळ विनवण्यांनंतर चष्मा झाला, तो शाळेत लावायचा आणि घराच्या कोपऱ्यावर दप्तरात टाकायचा, या बोलीवर.

ती बारा-तेरा वर्षांपूर्वी मला एका लग्नात भेटली. उणे नऊ नंबर, आणि एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलेली. एके दिवशी डोळ्यांसमोर काळे ठिपके आणि उजेडाच्या चमका दिसायला लागल्या, मग एका बाजूने सावली सरकली. तिला वाटलं, काच मळली आहे. आठ दिवस ती काचच पुसत राहिली. आठ दिवस उशीर झाला. पडदा सुटला होता. (वाचकांपैकी ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांनी ही लक्षणं लक्षात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.) ती मला म्हणाली, "बाई, तुम्हीच चष्मा लावायला लावलात, नाहीतर शिकलेच नसते." मला मात्र तो लाल शेरा आठवत होता.

तर मग काय करायचं? पहिलं उत्तर इतकं साधं आणि फुकटचं आहे की कुणाला ते खरं वाटत नाही. ऊन. म्हणजे उन्हाकडे बघायचं नाही, भाजून घ्यायचं नाही. दिवसाच्या उजेडात बाहेर असायचं. भरपूर उजेड डोळ्यात गेला की पडद्यात डोपामिन नावाचं द्रव्य जास्त तयार होतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला लगाम घालतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून शास्त्रज्ञांचं मत झालं आहे. लेकाने फोनवर उजेड मोजायचं काहीतरी उतरवून घेतलं. त्याच्या दिवाणखान्यात, दिवे लावलेले असताना, आकडा आला १८०. नातीच्या अभ्यासाच्या टेबलावर ३२०. आणि खाली सोसायटीतल्या गुलमोहराच्या सावलीत, संध्याकाळी पाचच्या आधी, ९,००० च्या वर! फोनचं माप काही प्रयोगशाळेचं नव्हे, पण फरक तीसपट असला की चूकभूल द्यावी-घ्यावी. आपल्याला घर लख्ख वाटतं, कारण आपले डोळे जुळवून घेतात.

हे नुसतं तर्काचं नाही. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळा घेतल्या. निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटं जादा बाहेर काढलं. बाकी काही नाही. तीन वर्षांनी इतर शाळांत ३९.५ टक्के मुलांना नव्याने नंबर लागला होता, या शाळांत ३०.४ टक्के. हा निकाल २०१५ साली छापून आला. चाळीस मिनिटं म्हणजे आपल्या शाळेचा एक तास हो! तैवानने २०१० पासून रोज १२० मिनिटं बाहेर, असा कार्यक्रमच शाळांत सुरू केला. वर्षानुवर्षं चढत गेलेलं कमी दिसणाऱ्या मुलांचं प्रमाण २०१२ साली ४९.४ टक्के होतं, ते २०१५ पर्यंत ४६.१ वर उतरलं. आकडा लहान वाटेल, पण चढणारी गोष्ट उतरायला लागली, हे महत्त्वाचं. आणि उलट बाजू पाहायची तर २०२०. चीनच्या शानडोंग प्रांतातल्या एका शहरात मुलं करोनामुळे घरात कोंडली गेली, त्या वर्षी सहा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण २१.५ टक्के निघालं. आधीच्या पाच वर्षांत ते कधी ५.७च्या वर गेलं नव्हतं.

आता माझी कबुली. पस्तीस वर्षं मी शिकवलं. आठवड्यात दोन तास पी.टी.चे असत. दिवाळीनंतर ते कुणाचे असत, हे सगळ्या शिक्षकांना माहीत आहे. गणिताच्या सरांचे, इंग्रजीच्या बाईंचे आणि माझे. समास राहिलेत, निबंध राहिलेत, द्या तास. क्रीडाशिक्षक बिचारे "घ्या बाई" म्हणत आणि स्टाफरूममध्ये चहा पीत. गृहपाठ केला नाही? मधल्या सुट्टीत वर्गात बसून पुरा कर. हीच माझी आवडती शिक्षा होती, छडी मला जमत नसे. मला वाटायचं मी किती दयाळू! आज हिशेब मांडते तर पस्तीस वर्षांत किती मुलांचा किती उजेड मी काढून घेतला, ते मोजवत नाही. समास बहुतेक सगळे विसरले असतील.

पण मी निदान मैदानातून तास चोरले. आता मैदानच चोरलेलं आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलेलं आहे. पुष्कळ ठिकाणी ते कागदावर आहे, आणि जमिनीवर त्या जागी बस उभ्या असतात. नात सकाळी पावणेसातला बसमध्ये बसते. दिवसभर वर्गात. मधल्या सुट्टीत जागेवरच डबा, कारण जिन्यात गर्दी होते. घरी आल्यावर एक दिवस गणिताचा क्लास, एक दिवस चित्रकला. अंधार पडल्यावर म्हणे, "जा आता खाली खेळ." अंधारात खेळून पाय मोकळे होतील. डोळ्यांना हवा असतो तो उजेड तेव्हा मावळलेला असतो.

हरकती मला पाठ आहेत. "केवढं ऊन असतं आपल्याकडे!" असतं. एप्रिल-मेमध्ये चंद्रपूर-नागपूरच्या पोरांना दुपारी बाहेर काढा असं कोण म्हणतंय? सकाळी आठ-नऊला काढा, संध्याकाळी पाचला काढा, झाडाखाली बसवा, टोपी घाला. सावलीतही पुरेसा उजेड असतो, वर आकडा दिलाच आहे. "मुलगी काळी पडेल." ही हरकत ऐकली की माझं डोकं फिरतं. ज्या घरात ती घेतली जाते त्या घरात बहुधा भाऊ क्रिकेट खेळायला गेलेला असतो. "अभ्यास बुडेल." पहिलीतल्या मुलाचा असा कोणता अभ्यास आहे जो झाडाखाली होत नाही? पाढे, कविता, गोष्ट, बेरजा, सगळं होतं. माझ्या लहानपणी आमची शाळा मारुतीच्या देवळाच्या ओसरीवर भरे आणि उन्हं आली की आम्ही चटया उचलून पारावर जात असू. त्याला कुणी प्रयोगशील शिक्षण म्हणत नव्हतं, वर्गखोल्या नव्हत्या म्हणून तसं होतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. उजेडाचा खात्रीचा उपयोग आहे तो नंबर लागण्याआधी. एकदा लागल्यावर वाढ रोखण्याचं त्याचं बळ कमी पडतं. म्हणून नातीला नुसतं बागेत नेऊन भागणार नाही. अॅट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब रोज रात्री घालायचे असतात. बाहुली मोठी करून तपासायला पूर्वी वापरत त्याच औषधाचा शंभरावा हिस्सा, किंवा थोडा जास्त. सगळ्या चाचण्यांचं एकमत नाही. एम्सच्या पुढाकाराने भारतात झालेल्या चाचणीत सगळ्यात सौम्य मात्रेनेही नंबराची वाढ कमी झाली, तर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत तिचा काहीच फरक दिसला नाही. हाँगकाँगमध्ये पाचपट मात्रा जास्त गुणकारी ठरली. खास घडणीच्या चष्म्याच्या काचाही निघाल्या आहेत. हाँगकाँगच्याच एका चाचणीत त्यांनी दोन वर्षांत नंबराची वाढ जवळपास निम्म्यावर आणली. कोणतं काय घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील. आमच्या बाईंनी थेंब सुरू केले आहेत, सहा महिन्यांनी पुन्हा लांबी मोजायची आहे. पण जगातला कोणताही थेंब लांबलेला डोळा मागे नेत नाही. पुढचं लांबणं तेवढं कमी करता येतं.

आणि म्हणून मला आता काळजी आहे ती धाकट्याची. तो पाच वर्षांचा आहे, नंबर अजून शून्य. जे ताईच्या बाबतीत राहून गेलं ते त्याच्या बाबतीत करायला अजून वेळ आहे. आणि नेमकं या जूनपासून त्याला संध्याकाळी पाच ते सहा अबॅकसच्या क्लासला घालायचं ठरलं होतं. फीसुद्धा भरून झाली होती.

त्यावरून घरात जे झालं ते मी इथे लिहिणार नाही, सूनबाईने हा लेख छापण्याची परवानगी त्याच अटीवर दिली आहे. एवढंच सांगते की मी पुण्यातला मुक्काम वाढवला आहे. रोज पाच वाजता मी दोघांना घेऊन खाली उतरते. तासभर गुलमोहराखाली बसते. सुरुवातीला आमची दोनच होती, आता सात-आठ पोरं जमतात. त्यांच्या आया वरून खिडकीतून बघतात. क्लासची फी परत मिळणार नाही असं कळलं आहे. लेक अजून पुरता बोलत नाही माझ्याशी. बोलेल.

शिक्षक असलेल्या वाचकांना एकच हात जोडून विनंती. पी.टी.चा तास कुणी मागितला तर देऊ नका. आणि मुलांना शिक्षा करायचीच असेल तर मधल्या सुट्टीत आत बसवू नका. त्यापेक्षा वर्गाबाहेर उभं करा. आमच्या वेळी ती मोठी मानहानी वाटे. आता कळतंय, बाहेर उजेड तरी होता.

असो. पाच वाजत आले, धाकटा चपला घालून दारात उभा आहे.